सुखरूप खाली

“आठवड्याभरात या माणसाचा दगड करून दाखवतो,” पुरुषोत्तमने मालकांना, वादिराज साहेबांना, छातीठोक सांगितलं. “कॅमेरा डोकं आपटून थकेल, पण यांच्या तोंडून नको तो शब्द निघणार नाही.”

हे बोलणं चहाच्या आधीचं. चहाचे कप उचलले गेले आणि पहिली तालीम सुरू झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईच्या खुर्चीत एचआरमधली अदिती बसली. तिने घसा खाकरला आणि बिचारीने जगातला सगळ्यात सोपा प्रश्न विचारला.

“सर, तुमचं नाव?”

“चूक आमचीच,” गुरुमूर्ती म्हणाले.

पुरुषोत्तमचा हात कपाळावर गेला. अदितीने हसू लपवायला गळ्यातलं ओळखपत्र तोंडापुढे धरलं. वादिराज साहेब उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं, जणू तो शब्द बाहेर पळाला तर पोलिसांत तक्रार करावी लागेल.

गुरुमूर्ती नित्यजय लिफ्ट्स या कंपनीचे मुख्य अभियंते. मद्रासमधल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत उमेदवार म्हणून शिरले, तिथेच केस पिकवले. मूळचे तंजावरकडचे मराठी. घरात ते जी मराठी बोलतात ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा कंपनीची प्रसिद्धी सांभाळायला पुण्याहून आलेल्या पुरुषोत्तमला वाटलं, हे फोनवर कुणाला पोथी वाचून दाखवतायत. त्यामुळे ऑफिसात दोघांचं चालायचं ते इंग्रजीत, भांडण झालं तर तमिळमध्ये.

कंपनीचं नाव झालं ते ‘अभयम्’मुळे, आणि अभयम् हे गुरुमूर्तींच्या डोक्यातून निघालेलं. वीज गेली की बाकीच्या लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे लटकतात, आतली माणसं दारं बडवत बसतात. नित्यजयची लिफ्ट तसं करत नाही. वीज जाताच ती बॅटरीवर चालू होते, कोणी कुठलंही बटण दाबलेलं असो, सरळ तळमजल्यावर उतरते, दार उघडते आणि गप्प उभी राहते. पुन्हा वीज येईपर्यंत हलत नाही. जाहिरातीत एक आजी नातवाचं बोट धरून लिफ्टमधून बाहेर येते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘वीज गेली? आम्ही तुम्हाला सुखरूप खाली आणतो.’

गेल्या डिसेंबरात वादळ आलं. वेलचेरीत पाणी शिरलं, आणि पाणी शिरलं की वीज मंडळ आधी वीज तोडतं, हे मद्रासच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका इमारतीत पहिल्या मजल्यावर राजसबाई नावाची म्हातारी आणि तिची मुलगी राहायच्या. पाणी जिना चढायला लागलं तसं मुलीने ठरवलं, चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जायचं. अम्माचे गुडघे गेलेले. तिला लिफ्टमध्ये बसवलं, बटण दाबलं, आणि स्वतः गॅसची शेगडी आणि औषधांची पिशवी घेऊन जिन्याने वर धावली. तेवढ्यात वीज गेली. अभयम्ने आपलं काम चोख केलं. राजसबाईंना खाली आणलं आणि दार उघडलं.

बातमी आली त्या दिवशी गुरुमूर्ती जेवले नाहीत. “जन्म या गावांत गेला,” ते बायकोला, कनकाला म्हणाले, “दरवर्षी पाणी पाह्यलं. वर पळालों, पाटावर स्टूल, स्टुलावर आई. आणि सुखरूप मणजे खाली असं धरून बसलों.”

कनकाने देवळातून आणलेली बातमी याहून वाईट होती. ती मुलगी, विद्यालक्ष्मी, शाळेत गणित शिकवते, ती भेटेल त्याला एकच विचारते म्हणे. मी चारचं बटण दाबलं होतं की घाईत खालचं दाबलं? कुणी पाहिलं होतं का? दूधवाल्याला विचारते, वॉचमनला विचारते. रात्री उठून त्या लिफ्टपाशी जाते आणि बोट पुढे करून उभी राहते, कुठलं बटण कुठे येतं ते बघत.

बटणाचा काही संबंध नव्हता. तिने दहाचं दाबलं असतं तरी लिफ्ट खालीच गेली असती. हे जगात खात्रीने सांगू शकेल असा माणूस एकच होता आणि त्याला कंपनीच्या वकिलाने त्या घराच्या दिशेला तोंड करायलाही मनाई केली होती.

म्हणून टीव्हीवाले येणार म्हटल्यावर सगळी कंपनी हादरली, पण गुरुमूर्तींना हायसं वाटलं. संयुक्ता नावाची बाई पुरातल्या मृत्यूंवर माहितीपट करत होती. आजवर दोन बिल्डर आणि एक माजी नगरसेवक तिच्यासमोर बसून उठले होते, आणि तिघांनीही नंतर फोन नंबर बदलले होते. मुलाखत नाकारली तर ती रिकाम्या खुर्चीचंच चित्रण करते, अशी तिची ख्याती. वादिराज साहेब स्वतः बसायला तयार नव्हते. त्यांचा चेहरा नेहमी नुकतंच काहीतरी विकून आल्यासारखा दिसतो, हे पुरुषोत्तमने अदबीने त्यांच्या कानावर घातलं. गुरुमूर्तींचा चेहरा मात्र थेट देवळाच्या ट्रस्टीसारखा. असा चेहरा बोलला की लोक चपला काढून ऐकतात.

चेहरा मिळाला. आता त्यातून सत्य तेवढं काढून टाकायचं बाकी होतं.

तालमी कॉन्फरन्स रूममध्ये. लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून दिवे आणले, ते लावले की गुरुमूर्ती नवरदेवासारखे उजळायचे आणि घामाने विरघळायचे. खुर्चीमागच्या भिंतीवर कंपनीचा फलक होता, ‘आम्ही तुम्हाला सुखरूप खाली आणतो.’ वकिलाने तो वाचला आणि प्यायला पाणी मागितलं. फलक उतरवला तर भिंतीवर चौकोनी डाग. डाग झाकायला स्टोअरमधून एक मोठं चित्र आणून टांगलं. मरीनाचा समुद्र, लाटांसकट. दोन दिवस त्या समुद्रापुढे बसून पुरावर तालमी झाल्या, कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा ते काढून डोंगराचं चित्र लावलं. त्यात धबधबा निघाला. शेवटी अदिती म्हणाली, देवाचा फोटो लावू या. “नको,” साहेब म्हणाले, “फार अपराधी दिसतं.” डागावर पडदा सोडला.

शब्दांचं काम वकिलाकडे होतं.

“‘अपघात’ म्हणू नका,” तो म्हणाला. “अपघात म्हणजे काहीतरी झालं. ‘प्रसंग’ म्हणा.”

“बाई गेली हो त्यात,” गुरुमूर्ती म्हणाले.

“‘दुःखद प्रसंग’ म्हणा मग. दुःख चालेल. दुःख कोणालाही होतं, त्यात जबाबदारी नाही. ‘खेद’ मला विचारून. ‘माफी’ अजिबात नाही.”

“आणि चूक?”

वकिलाने पुरुषोत्तमकडे बघितलं. पुरुषोत्तमने अदितीकडे बघितलं. अदितीच्या हातात लिफ्टची घंटी दिलेली होती, मजला आला की वाजते ती. गुरुमूर्तींच्या तोंडून मना केलेला शब्द आला की तिने ती दाबायची. टिंग.

पहिल्या दिवशी इतकं टिंग झालं की कँटीनवाला ट्रे घेऊन दारात उभा राहिला आणि विचारू लागला, कोणत्या मजल्यावर आलोय मी?

पण पुरुषोत्तम चिकट माणूस. त्याने एक उत्तर घडवलं आणि ते गुरुमूर्तींकडून तमिळमध्ये आणि इंग्रजीत घोटून घेतलं, जशी मुलं पाढे घोटतात. उत्तर असं होतं: “सुरक्षितता हा आमचा श्वास आहे. पावसापाण्यात लिफ्टचा वापर टाळावा, ही सूचना आमच्या प्रत्येक लिफ्टमध्ये लावलेली आहे.”

“याचा अर्थ पोरीची चूक,” गुरुमूर्ती म्हणाले.

टिंग.

“तसं कुठे म्हटलंय सर? वाक्यात पोरगी आहे का? सूचना आहे फक्त.”

“मग कोणी वाचली नाही सूचना?”

“ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. सर, तुम्ही फार पुढचं बघता. डिझाइन करताना बघायचं होतं.”

हे बोलल्यावर पुरुषोत्तम स्वतःच ओशाळला आणि खिडकीबाहेर बघू लागला. मनाचा वाईट नव्हता तो. शोळिंगनल्लूरला फ्लॅटचा हप्ता होता आणि तिथल्या लिफ्टनेच वर जाऊन झोपत होता.

मग सुरू झाल्या अचानक तालमी. नित्यजयमध्ये पद्धतच आहे, लिफ्टची चाचणी कधी सांगून घ्यायची नाही. चालू असताना मधेच वीज तोडायची आणि बघायचं काय करते ते. पुरुषोत्तमने तीच पद्धत माणसाला लावली. गुरुमूर्ती पार्किंगमध्ये स्कूटर लावत असले की खांबामागून कोणीतरी माइक घेऊन उडी मारायचा, “सर, राजसबाईंना कोणी मारलं?” कँटीनमध्ये दहीभाताचा घास तोंडाशी असताना समोरचा अनोळखी माणूस डबा बंद करून म्हणायचा, “सर, तुम्हाला झोप लागते का?” एकदा न्हाव्याने गालाला वस्तरा लावून विचारलं. तो मात्र पुरुषोत्तमचा माणूस नव्हता. त्याने पेपर वाचला होता.

होता होता वाक्य बसलं. इतकं बसलं की गुरुमूर्तींच्या हातात राहिलं नाही. शेअर ऑटोत कुणी नुसतं “सर” म्हटलं की ते आपोआप सुरू व्हायचं. शनिवारी देवळात अर्चनेच्या वेळी पुजाऱ्याने नाव आणि गोत्र विचारलं, तर गुरुमूर्तींनी डोळे मिटून सुरक्षितता हा आमचा श्वास आहे म्हणून सांगितलं. पुजाऱ्याने तेच संस्कृतात बसवता येतं का, याचा क्षणभर विचार केला आणि पुढे गेला.

घरी आल्यावर कनका म्हणाली, “तिला सांगणार आहांत ना? टीव्हीवर? सांगतो मणाला होतांत.”

“सांगणार,” गुरुमूर्ती म्हणाले. “हें अस्क, सगळंच नाटक आहे. त्या दिवशीं खरं तेंच बोलणार.”

आणि ते बोललेही. चुकीच्या दिवशी.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांना घाईघाईने खाली बोलावलं. कॉन्फरन्स रूममध्ये मोठा कॅमेरा, अनोळखी माणसं, आणि खुर्चीत पांढऱ्या साडीतली एक तरुण बाई. डोळे सुजलेले. “हे लोक आजच आले,” पुरुषोत्तम कुजबुजला. “या विद्यालक्ष्मी.”

गुरुमूर्तींनी तिला कधी पाहिलं नव्हतं. ते खुर्चीत बसले नाहीतच. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि तमिळमध्ये सगळं सांगून टाकलं. बटणाचं, बॅटरीचं, खाली जाण्याचं, आपल्याला कसं सुचलं नाही त्याचं. “पोरी, तू काही केलं नाहीस. मी केलं. तू वर पाठवलंस, मी खाली आणलं.” ते खाली वाकले आणि सगळ्यांसमोर तिच्या पायाला हात लावला. बाईही रडली. कॅमेरावाला रडला. अदितीच्या हातातली घंटी वाजलीच नाही.

मग बाईने डोळे पुसले, घड्याळ बघितलं आणि पुरुषोत्तमला विचारलं, “सर, मी जाऊ? सहाला सीरियलचं शूटिंग आहे.”

नटी होती ती. वडपळनीच्या स्टुडिओतून आणलेली.

गुरुमूर्ती जमिनीवरच बसून होते. पुरुषोत्तमने त्यांना धरून उठवलं, पाणी दिलं, चित्रण आपल्या हाताने पुसलं. ओरडला नाही. “सर,” तो म्हणाला, “हे उद्या झालं तर कंपनी बसेल, तीनशे माणसं घरी जातील. यापुढे कोणीही बाई समोर येऊन मी विद्यालक्ष्मी म्हणाली, तर आमचीच समजा. उद्या खरी येणार नाहीये. तसं लेखी ठरलंय. उद्या फक्त ती संयुक्ता.”

गुरुमूर्तींनी मान हलवली. माणूस जे बोलायला महिनोन् महिने जपून ठेवतो, ते एकदा निघून गेलं की आत पोकळ वाजतं. त्या रात्री त्यांना झोप लागली, आणि त्याचंच त्यांना सकाळी वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संयुक्ता आली ती विद्यालक्ष्मीला घेऊनच आली. दारात केवढी तरी खळखळ झाली. पुरुषोत्तमने लेखी ठरल्याचं दाखवलं. संयुक्ता म्हणाली, ठीक आहे, तुम्ही मृताच्या मुलीला हाकलून देताय तेवढं कॅमेऱ्यापुढे म्हणा. साहेबांनी खूण केली, येऊ द्या. यातलं काहीच गुरुमूर्तींच्या कानावर गेलं नाही. ते आतल्या खोलीत डोळे मिटून बसले होते आणि मेकअपवाली त्यांच्या टकलाला पावडर लावत होती.

बाहेर आले तर संयुक्ताच्या शेजारी एक बाई. निळी सुती साडी, चष्मा, हातात स्टीलचा डबा, शाळेतून सरळ आल्यासारखी. कॅमेऱ्याच्या मागे उभा राहून पुरुषोत्तम दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होता, वारं घातल्यासारखा. गुरुमूर्तींना वाटलं, समजलं. आज पुन्हा परीक्षा, ही संयुक्ताही आणलेलीच. शेवटची.

“या विद्यालक्ष्मी,” संयुक्ता म्हणाली.

“हो का,” गुरुमूर्ती म्हणाले आणि पुरुषोत्तमकडे बघून किंचित हसले.

बाई तमिळमध्ये बोलली. आवाज अगदी सपाट. “मला एकच विचारायचं आहे सर. लिफ्ट वर जायला हवी होती. मी चारचं बटण दाबलं असं मला वाटतं. पण मला आठवत नाही. तुमच्या मशीनमध्ये नोंद असते ना? मी चुकून खालचं दाबलं होतं का?”

वाक्य तयार होतं. “सुरक्षितता हा आमचा श्वास आहे,” गुरुमूर्ती म्हणाले. “पावसापाण्यात लिफ्टचा वापर टाळावा, ही सूचना आमच्या प्रत्येक लिफ्टमध्ये लावलेली आहे.” कुठे अडखळले नाहीत. पडद्याशी उभ्या असलेल्या साहेबांचे खांदे सैल झाले.

बाईच्या चष्म्याखालून पाणी ओघळू लागलं. ती आवाज न करता रडत होती, नाक पुसायचंही भान नव्हतं. गुरुमूर्तींना त्या मेहनतीचं कौतुक वाटलं. कालच्या नटीला आपण उगीच घाबरवून सोडलं, हिला निदान दोन शब्द बरे बोलावेत.

“छान करता तुम्ही,” ते म्हणाले. “कालच्या बाईंपेक्षा पुष्कळ बरं. डबा आणायची कल्पनाही चांगली. फक्त रडणं थोडं कमी करा. खरी मुलगी एवढी रडणार नाही.”

कॅमेरा चालू होता. पुरुषोत्तमचे वारं घालणारे हात तसेच हवेत राहिले.

बाईने डबा उचलला, मांडीवर घट्ट धरला, आणि कोणाकडेही न बघता, गेलेल्या आईशी बोलावं तशी पुटपुटली, “जाऊं दे अम्मा. हे काहींच सांगणार नाहींत.”

घरची मराठी. वडपळनीच्या कुठल्याही नटीला येणार नाही ती. तंजावरच्या चार गल्ल्यांतून आलेल्या माणसांखेरीज कोणालाच येत नाही ती.

गुरुमूर्तींच्या कानांत पाण्याचा आवाज सुरू झाला. त्यांनी खुर्चीचे हात धरले.

“तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?” संयुक्ताने तमिळमध्ये विचारलं. आवाज थंड होता.

होतं. छाती फुटेल एवढं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि तोंडाने आपलं काम केलं. “सुरक्षितता हा आमचा श्वास आहे,” ते म्हणाले, आणि स्वतःचा आवाज ऐकत, थांबवता न येता, सूचना लावलेली आहे इथपर्यंत जाऊन पोचले.

टीव्हीवाले गेल्यावर कंपनीत गोड म्हणून केसरी शिरा वाटला. नटीबद्दलचं ते जरा झालं, पण त्यात कायद्याचं काही अडकत नाही, असं वकिलाने सांगितलं. वादिराज साहेबांनी गुरुमूर्तींच्या खांद्यावर जरीची शाल घातली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. फोटोत पुरुषोत्तम नाही. तो बाथरूममध्ये नळ सोडून उभा होता.

घरी आल्यावर कनकाने शालीकडे बघितलं. “सांगितलंत?”

गुरुमूर्तींनी खाली बसून घडलं ते सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांच्या ध्यानात आलं, शब्द नीट येतायत. चूक म्हणता येतंय. माफी म्हणता येतंय. घरच्या मराठीत तालीम झाली नव्हती. त्या भाषेपर्यंत पुरुषोत्तम पोचलाच नव्हता.

सकाळी ते वेलचेरीला गेले. लिफ्टच्या दाराला नायलॉनची दोरी बांधून मधे एक तुटकी खुर्ची घातलेली. ते जिन्याने चढले. विद्यालक्ष्मीने दार अर्धं उघडलं, ओळखलं, पण लावून घेतलं नाही. त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं, घरच्या भाषेत, एका दमात. बटणाचं सांगितलं. काल तुला नटी समजलों, तेंही सांगितलं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग मान काढून जिन्यात वरखाली बघितलं.

“कॅमेरा कुठें ठेवला आहे?”

“कॅमेरा नाही पोरी. मी एकटाच आलों आहे.”

“मग ही कशाची तालीम?”

“तालीम नाही. हें खरं आहे.”

“काल चार लोकांत सांगितलंत, सूचना लावली होती. आज कोणी नाही तर मणता तुझी चूक नाही.” ती रागावलेली नव्हती. फळ्यापुढे उभ्या पोराला समजावते तशी बोलत होती. “दोन उत्तरं आलीं की गणित चुकलेलं असतं. मी कोणतें धरूं? मला झोप यावी मणून कोणीही गोड सांगेल. वॉचमनही सांगतो. चार लोकांत सांगा, मग मी धरीन.”

“सांगतों,” गुरुमूर्ती म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला नाही, एवढं त्यांनी जिना उतरताना मनाशी धरलं.

संयुक्ताला त्यांनी रस्त्यातूनच फोन केला. ती आधी ऐकेना. मग संध्याकाळी कॅमेरा घेऊन एकटीच अंबत्तूरला त्यांच्या घरी आली. कनकाने खुर्ची खिडकीपाशी मांडली, मागच्या भिंतीवर जे होतं ते राहू दिलं. गुरुमूर्तींनी नोकरी जाणार हे सकाळीच कनकाला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, जाऊं दे.

“बोला सर,” संयुक्ता तमिळमध्ये म्हणाली.

“सुरक्षितता हा आमचा श्वास,” गुरुमूर्ती म्हणाले आणि दातांखाली ओठ धरला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. इंग्रजीत केलं, इंग्रजीतही तेच. कपाळावर घाम आला. संयुक्ताने कॅमेरा बंद करायला हात नेला.

“त्यांना घरच्या भाषेत बोलू दे,” कनका तमिळमध्ये म्हणाली. “ती पोरीची भाषा आहे. तिच्यासाठीच बोलायचं आहे ना?”

आणि मग गुरुमूर्ती बोलले. कॅमेऱ्याकडे न बघता, जिन्याच्या अर्ध्या उघड्या दाराकडे बघावं तसे.

“विद्यालक्ष्मी, तूं चारचंच दाबलंस कीं कोणतें दाबलंस, मला ठाऊक नाही. दाबलेल्या बटणाला अर्थच नव्हता. वीज गेली कीं ती लिफ्ट खालींच जाते, कां मणजे मी तिला तसं शिकवलं. पाण्याच्या गावांत राहून मला सुचलं नाही कीं खालीं पाणी असतें. कंपनीची चूक, माझी चूक. तुझी अम्मा वर चालली होती. तूं तिला वरच पाठवलं होतंस. हें अस्क्या लोकांत सांगतों. आतां तूं लिफ्टपाशीं जाऊन उभी राहूं नको.”

संयुक्ताला शब्द कळले नाहीत, पण तिने बराच वेळ कॅमेरा बंद केला नाही. “उद्या तुमच्याकडून भाषांतर लिहून घेते,” ती कनकाला म्हणाली. “खाली पट्टी देऊ. शेवटी हेच ठेवायचं.” तिला त्याच रात्री रामेश्वरमला निघायचं होतं, पुढच्या कामासाठी. चित्रण तिने संकलनाला पाठवून दिलं. भाषांतर कनकाने लिहिलं आणि संयुक्ताच्या फोनवर पाठवलं. रामेश्वरमला रेंज नव्हती.

सोमवारी गुरुमूर्तींनी राजीनामा दिला. साहेबांनी तो ताबडतोब घेतला. पुरुषोत्तम त्यांना स्कूटरपर्यंत सोडायला आला, हेल्मेट हातात दिलं.

रविवारी संध्याकाळी माहितीपट लागला. कनकाने देवळातल्या बायकांकडून निरोप पाठवला होता, विद्यालक्ष्मी शेजाऱ्यांकडे बघायला बसली आहे. पहिल्या भागात सुरक्षितता हा आमचा श्वास आहे पूर्ण आलं. रडणं थोडं कमी करा हेही आलं. गुरुमूर्तींनी मान खाली घातली नाही. शेवट बाकी होता.

शेवटी त्यांचा खिडकीजवळचा चेहरा आला. संकलन करणाऱ्याला ती भाषा कुठली ते कळलं नव्हतं आणि विचारायला कोणी सापडलं नव्हतं. त्याने आवाज बंद करून वीणा लावली होती. गुरुमूर्तींचे ओठ हलत होते. खाली तमिळमध्ये पट्टी होती, ‘मृतात्म्यासाठी प्रार्थना करताना अभियंता गुरुमूर्ती’.